पत्ता गुप्त नसावा

तुर्भ्यात मद्याचे दुकान कोणास शोधावे लागत नाही. बाजार समितीतील हमाल, ट्रकचालक, औद्योगिक पट्ट्यातील कामगार यांना त्याची वाट ठाऊक असते. मद्य सोडू पाहणाऱ्यास मात्र आधाराची सभा कोठे भरते, हे सांगणार कोण?

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ जन्मली. मद्य सोडण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकमेव अट. शुल्क नाही, खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो, बाहेरची देणगी स्वीकारीत नाहीत. इतक्या अल्प खर्चात चालणारी समाजसेवा अर्थशास्त्रातही विरळाच.

दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबविणे धोक्याचे असते. त्याला वैद्यकीय उपचार हवेतच. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेले ‘मुक्तांगण’ हे अशा उपचारांचे परिचित केंद्र. परंतु उपचारांनंतर घरी परतलेल्यास जुनीच संध्याकाळ पुन्हा भेटते. तेव्हा अनुभवी सोबती जवळ असावा लागतो.

या सभांत अनामिकता पाळावयाची ती सभासदाच्या नावाची. सभेच्या पत्त्याची नव्हे. मद्यावरील करातून राज्याच्या तिजोरीत मोठी भर पडते. तेव्हा कामगारास जेथे पगार मिळतो, तेथील फलकावर सभेचा वार, वेळ व जागा लिहिण्याइतका खडू तरी शासनाने खर्च करावा. शाळा-कचेऱ्यांतील फलक तर आपल्याच हाती आहेत.