पाचव्या नावाची चुरस

अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फचा विषय निघाला की लोकांना टायगर वुड्सचं स्टॅनफर्ड आठवतं. माझा जीव मात्र कित्येक वर्षं नॉर्थ कॅरोलिनातल्या फेएटव्हिल गावात अडकलेला आहे. तिथल्या मेथडिस्ट या लहानशा विद्यापीठाने 1990च्या दशकात पुरुष गोल्फचं तिसऱ्या श्रेणीतलं राष्ट्रीय विजेतेपद बहुतेक वर्षी जिंकलं. पुढे त्यांच्या मुलींनी तर ते सलग कित्येक वर्षं कोणाला मिळूच दिलं नाही.

श्रेणींचं थोडक्यात सांगतो. पहिल्या श्रेणीत 2025पर्यंत पुरुष गोल्फसाठी कमाल साडेचार शिष्यवृत्त्या होत्या. प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून संघात वाटायचे. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही.

आता माझ्या आवडीची गोष्ट. स्पर्धेत पाच जण उतरतात आणि प्रत्येक फेरीत उत्तम चौघांचेच फटके धरतात. समजा 71, 73, 74, 76 आणि 88 झाले, तर संघाचे 294. 88 पुसले गेले. दुसऱ्या दिवशी तोच 88वाला 70 फटक्यांत घरी येतो आणि संघाला तारतो. पाचवा म्हणजे राखीव गडी नव्हेच! यादीत दहा-बारा नावं असतात, त्यामुळे खरी झुंज आधी घरातच लागते. निवडफेऱ्या होतात, आकडे फळ्यावर लागतात. माझं ठाम मत आहे की चौघं आकड्यांनी ठरावेत आणि पाचवा प्रशिक्षकाने. पाइनहर्स्टचं क्रमांक दोनचं मैदान पायी हिंडलो तेव्हा हे पुरतं पटलं. ते फेएटव्हिलहून गाडीने तासाभरावर आहे. ते घडवणाऱ्या डोनाल्ड रॉसने 1948मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यावर हात फिरवला. तिथल्या हिरवळी उपड्या परातीसारख्या आहेत, चांगला पडलेला चेंडूही कडेवरून ओघळतो. अशा ठिकाणी लांब मारणाऱ्यापेक्षा कडेवरून हळुवार चेंडू चढवणारा हवा, आणि ते निवडफेरीच्या आकड्यात दिसत नाही.

पूर्वी यादी कशी भरायची, ते ऐका. वेक फॉरेस्ट तेव्हा लहान कॉलेज होतं. 1947मध्ये बड वर्शमला तिथली शिष्यवृत्ती मिळत होती. त्याने क्रीडाप्रमुख जिम वीव्हर यांना विचारलं, माझ्या मित्रालाही घ्याल का? तो मित्र म्हणजे पुढे गोल्फचा दिग्गज ठरलेला अर्नोल्ड पामर. 1950मध्ये वर्शम मोटार अपघातात गेला, आणि पामरने कॉलेज सोडून तटरक्षक दल गाठलं. पुढे त्याने मित्राच्या नावाने त्याच कॉलेजात शिष्यवृत्ती सुरू केली.

पैशांकडे वळू. गोल्फला तिकिटं नसतात, तेव्हा गल्लाही नाही. खर्च मात्र व्हॅन, हॉटेल, प्रवेश शुल्क आणि चेंडू यांचा. प्रशिक्षक कित्येकदा मुला-मुलींचे दोन्ही संघ सांभाळतो, जोडीला कॉलेजची इतर कामंही. तरी खासगी लहान कॉलेजं हे चालवतात, कारण खेळायला आलेला प्रत्येक जण शिक्षणशुल्क भरतो. बारा नावांची यादी म्हणजे बारा विद्यार्थी. कमी पडेल ते माजी विद्यार्थ्यांच्या देणगी-स्पर्धांतून उभं राहतं.

आणि सहावा? बऱ्याच स्पर्धांत त्याला वैयक्तिक खेळाडू म्हणून उतरवता येतं. त्याचे फटके संघात धरत नाहीत, पण एक खाट आणि एक प्रवेश शुल्क वाढतं. म्हणून कित्येक सहाव्यांना घरी बसावं लागतं. माझ्या हाती तिजोरी असती, तर नवे गणवेश पुढच्या वर्षावर ढकलून मी त्याला नेलं असतं. पुढच्या हंगामातला पाचवा तोच असतो.