जन्मभूमीला परतणारे पक्षी

व्यापारासाठी शेकडो कोस दूर जाऊन पेढी थाटलेल्या माणसालाही मंगलकार्याच्या वेळी मूळ गावाची ओढ लागते. पुष्कळ समुद्रपक्ष्यांचा तर वंशच अशा ओढीवर चालतो. उडू लागल्यावर काही वर्षे ते सागरावरच काढतात. घरटे करण्याचे वय झाले की ज्या बेटावर अंड्यातून बाहेर आले, बहुधा त्याच बेटावर उतरतात आणि पुढे दरवर्षी तेथेच येतात.

तोक्योच्या दक्षिणेस सुमारे ५८० किलोमीटरवर तोरिशिमा हे ज्वालामुखीचे निर्जन बेट आहे. नावाचा अर्थच 'पक्ष्यांचे बेट'. आखूड शेपटीचे अल्बाट्रॉस ऑक्टोबरात तेथे येतात, जोडी एकच अंडे घालते, आणि मे महिन्यापर्यंत पिले वाढवून सारे उत्तरेकडील थंड समुद्रात निघून जातात. दोन मीटरांहून अधिक पंखविस्ताराचा हा पक्षी जमिनीवर मात्र संथ आणि निर्भय. माणूस जवळ आला तरी तो घरटे सोडत नसे. जपानी लोकांनी त्याला 'मूर्ख पक्षी' असे नाव दिले. विश्वासाला मूर्खपणा म्हणण्याची रीत काही त्यांचीच नव्हे.

१८८७ मध्ये पिसांचे व्यापारी तोरिशिमावर उतरले. गाद्या-उशांसाठी पिसांना परदेशात मोठी मागणी होती, आणि या धंद्याला काठी व पोती यांखेरीज फारसे भांडवल लागत नव्हते. गिऱ्हाईक दरवर्षी ठरल्या दिवशी आपण होऊन दारी यावे, तसे पक्षी येत आणि मारले जात. काही दशकांत सुमारे ५० लाख पक्ष्यांचा संहार झाला, असा अंदाज आहे. करुणेचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवला, तरी हा हिशेबही खोटाच होता. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या जिवाची वाढ म्हणजे अत्यंत अल्प व्याज. येथे तर मुद्दलच खाल्ले जात होते. ऑगस्ट १९०२ मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक होऊन बेटावरील सर्व १२५ माणसे मृत्युमुखी पडली. पक्षी त्या वेळी समुद्रावर होते. पुढे माणसे पुन्हा आली, आणि शिकारही.

१९४९ मध्ये ही जात नष्ट झाल्याचे जाहीर झाले. दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, बेटावरील हवामान केंद्राच्या कर्मचाऱ्यांना सुमारे दहा पक्षी दिसले. ते कोठून आले? अल्बाट्रॉसची पिले उडून गेली की काही वर्षे जमिनीला पायही लावत नाहीत. शिकारी कितीही तत्पर असले, तरी सागरावरची ही तरुण पिढी त्यांच्या हाती लागत नव्हती. ज्या ओढीने त्यांचे आईबाप काठीखाली आले, तिनेच ही मुले वयात आल्यावर रिकाम्या बेटावर परत आणली.

हिरोशी हासेगावा यांनी १९७० च्या दशकापासून या पक्ष्यांसाठी आयुष्य वेचले. घरटी होती राखेच्या तीव्र उतारावर. पावसात माती वाहून अंडी-पिले गाडली जात. म्हणून तेथे गवत लावले गेले. बेटाच्या दुसऱ्या, सुरक्षित उतारावर लाकडी पक्षी मांडून ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, तेव्हा काही जोड्या तिकडे वळल्या. पण ज्वालामुखी तर जागाच होता. २००२ मध्ये त्याने पुन्हा धूर सोडला.

तेव्हा एक निराळा विचार पुढे आला. पिलू जन्मस्थानाची खूण अंड्यातून बाहेर पडताच बांधत नाही, काहीसे मोठे झाल्यावर बांधते. मग त्याआधीच त्याला हलवले तर? २००८ ते २०१२ या काळात सुमारे ४० दिवसांची ७० पिले हेलिकॉप्टरने ३५० किलोमीटर दूर, ज्वालामुखीचा धोका नसलेल्या मुकोजिमा बेटावर नेण्यात आली. माणसांनी आईबापांच्या जागी राहून त्यांना मासे व माकूळ भरवले. त्यांतील ६९ पिले उडून गेली.

त्यानंतर वाट पाहण्याखेरीज काही करण्यासारखे नव्हते. २०११ मध्ये पहिल्या तुकडीतील पक्षी परत आला. उतरला तो मुकोजिमावर. २०१६ मध्ये त्याच बेटावर वाढलेले एक पिलू समुद्राकडे उडाले. त्याच्या पालकांपैकी एक त्या हलवलेल्या पिलांतला होता.