विज्ञानाचा तास (लेखांक ९) : बारा वाजता सूर्य कुठे असतो?

‘दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली पडते.’ नोकरीच्या पहिल्या सहा-सात वर्षांत हे वाक्य मी दर वर्षी वर्गात म्हटलं. फळ्यावर उभी काठी काढायची, तिच्या डोक्यावर पिवळ्या खडूचा सूर्य, आणि मुलांनी ते चित्र निमूट वहीत उतरवून घ्यायचं. सातारा जिल्ह्यातल्या त्या शाळेला ऐसपैस पटांगण होतं, उन्हाला तर तोटाच नव्हता. तरी बाहेर जाऊन बघावं असं ना मुलांना सुचलं, ना मला.

एका फेब्रुवारीत ते आपोआप घडलं. वर्गाला रंग देण्याचं काम चाललं होतं म्हणून सहावीला घेऊन मी पटांगणात बसलो होतो. वेळ घालवायला एक मीटरभर काठी रोवली आणि बाराच्या ठोक्याला सावलीच्या टोकावर खडा ठेवला. सावली पायाखाली वगैरे नव्हती, चांगली पासष्ट सेंटिमीटर लांब होती. दहा मिनिटांनी एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, अजून आखडतीय की!’’ खरंच, टोक खड्याच्या आत सरकलं होतं. मी म्हणालो, ‘‘काठी तिरकी बसली असेल,’’ आणि मुलांना हात-पाय धुवायला पाठवून दिलं. काठी सरळ होती. हे मला तेव्हाही दिसत होतं.

मागच्या दोन लेखांकांत आपण पाण्याच्या थेंबाचं भिंग केलं. त्यावर आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन:पुन्हा होती. साहित्य कपाटात असतं, कपाटाला कुलूप असतं, किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि मुख्याध्यापक पंचायत समितीच्या मीटिंगला गेलेले असतात. म्हणून या वेळी असं साधन घेतलंय की त्याला कुलूप लावताच येणार नाही. एक मीटर लांबीची सरळ काठी. गवंड्याचा ओळंबा, आणि तो नसेल तर सुतळीला बांधलेला दगड. खडू, मोजपट्टी, आणि पाणी ओतलं तर एका बाजूला पळणार नाही अशी सपाट जागा. ध्वजस्तंभ वापरायचा मोह होईल, पण टाळा. त्याच्या चौथऱ्याच्या पायऱ्या नेमक्या सावलीच्या वाटेत येतात. आणि एक सक्त सूचना : मुलांनी सूर्याकडे बघायचं नाही, एक क्षणही नाही. आपलं सगळं काम जमिनीकडे बघून होणारं आहे.

आता त्या फळ्यावरच्या वाक्याची झडती घेऊ.

‘बारा वाजता’ हा शब्दप्रयोगच आधी अडतो. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेली आहेत. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. पुणं त्या रेषेच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त आहे, म्हणजे पुण्याचा खरा मध्यान्ह सरासरी पस्तीस मिनिटं उशिरा होतो. मुंबईचा अडतीस-एकोणचाळीस मिनिटं उशिरा, चंद्रपूरचा मात्र तेरा-एक मिनिटांनीच. एकाच राज्यात, एकाच घंटेवर भरणाऱ्या शाळांचा मध्यान्ह पंचवीस मिनिटांनी वेगळा! मुंबईकरांना हे एके काळी चांगलं ठाऊक होतं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तरी मुंबईने आपली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, आणि ती प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे होती. घरात जुन्या लग्नपत्रिका असतील तर बघा, मुहूर्ताच्या वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ अशी दोन अक्षरं सापडतील. घोळ होऊ नये म्हणून छापलेला तो ‘स्टँडर्ड टाइम’.

बरं, ही पस्तीस मिनिटंही वर्षभर पस्तीस राहत नाहीत. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे असतो, कधी मागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुण्याचा मध्यान्ह बारा अठराच्या सुमारास होतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर बारा एकोणपन्नासला. माझ्या सहावीतल्या मुलीने सावली आखडताना पाहिली ती फेब्रुवारीतच. अजून तब्बल अडतीस मिनिटं ती आखडत राहणार होती!

‘डोक्यावर’ हा दुसरा घोळ. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा खरोखर डोक्यावर येतो. दोनदाच. दिल्लीकरांच्या नशिबी तेही नाही. वर्तमानपत्रं हल्ली याला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, नागपुरात २६ मेच्या आसपास. सूर्य दक्षिणेकडे परतताना जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा. आता गंमत बघा. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेलं. डोक्यावरचा सूर्य दाखवायचे वर्षातले दोनच दिवस, आणि दोन्ही शाळेच्या हातून निसटतात.

पण शाळा जूनच्या मध्यावर उघडते तेव्हा पाऊस दोन दिवस उशिरा आला, तर त्याहून मोठी गोष्ट हाताशी येते. तेव्हा सूर्य पुण्याच्या उत्तरेला गेलेला असतो आणि मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. जेमतेम आठ-साडेआठ सेंटिमीटर, पण दक्षिणेला. ‘दुपारची सावली उत्तरेला’ असं पाठ केलेल्या मुलांसमोर ही इवलीशी सावली धरा आणि गप्प बसा. स्पष्टीकरणाची घाई करू नका. मी ती घाई अनेकदा केली आहे, आणि प्रत्येक वेळी मुलांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न विझताना पाहिला आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सगळ्यांत आखूड सावली केव्हा पडते हे टक लावून बघून कधीच कळत नाही. मध्यान्हाच्या आसपास ती इतकी सावकाश बदलते की पाच-दहा मिनिटं जागची हललेलीच दिसत नाही. मुलं भांडायला लागतात : आत्ता झाली, छे, मघाशीच झाली. भांडू द्यावं थोडा वेळ. मग जुनी युक्ती काढावी. कात्यायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी पूर्व दिशा काढण्याची रीत आहे. जमिनीत शंकू, म्हणजे उभी खुंटी रोवायची आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी सावली आखडत आखडत ज्या बिंदूवर वर्तुळाच्या आत शिरते तिथे खूण. दुपारी वाढत वाढत जिथे बाहेर पडते तिथे दुसरी खूण. या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. दोन वेळांच्या बरोबर मधली वेळ, तो आपला मध्यान्ह. जी गोष्ट थेट मोजता येत नाही, ती दोन्हीकडून सारख्या अंतरावर उभं राहून पकडायची. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तर ‘छायाव्यवहार’ नावाचं अख्खं प्रकरण आहे. हे मुलांना अवश्य सांगावं, पण काठी रोवल्यानंतर. आधी सांगितलं की त्याचं व्याख्यान होतं आणि पटांगणात जायचं राहून जातं.

तासिका पस्तीस मिनिटांची आणि सावली दिवसभराची, हे जमवायचं कसं? सकाळी वर्तुळ आखून ठेवायचं. प्रत्येक घंटेला दोघा-दोघांनी जाऊन खूण करायची, शेजारी वेळ लिहायची. मधल्या सुट्टीत बाकीचे आपण होऊन जमतात, बोलवावं लागत नाही. डबा एका हातात आणि खडू दुसऱ्यात.

या पद्धतीचं वजन काय असतं हे मला उमगलं ते होशंगाबादच्या प्रयोगाविषयी वाचल्यावर. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतूनच शिकवायला सुरुवात झाली. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्था त्यामागे होत्या. पुढे १९८२ मध्ये ‘एकलव्य’ने ते काम अंगावर घेतलं आणि शाळांची संख्या शेकड्यांत गेली. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या त्यांच्या पुस्तकात उत्तरं कमी आणि करून बघायच्या गोष्टी जास्त. मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तर देणारा ‘सवालीराम’ ही त्यांचीच कल्पना. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन तिथे गेले आणि काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी असल्या वस्तूंतून खेळणी करायला लागले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रातही ते हेच करत राहिले.

मला मात्र होशंगाबादच्या प्रयोगातली सर्वांत धीट गोष्ट वाटते ती परीक्षा. पुस्तक उघडं ठेवून लेखी, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची. आपण वर्षभर मुलांना काठी रोवायला लावणार आणि मार्चमध्ये ‘व्याख्या लिहा’ विचारणार असू, तर मुलं काठीला शहाणपणाने रजा देतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. राज्य सरकारने तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांतून, सरकारी शिक्षकांकरवी चाललेली गोष्ट होती ती. ‘आपल्याकडे हे शक्यच नाही’ असं कुणी म्हटलं की मी हा आकडा पुढे करतो.

येत्या २२ डिसेंबरसाठी आता एक काम. त्या दिवशी आपल्याकडची मध्यान्हीची सावली वर्षातली सर्वांत लांब असते. पाच दिवस इकडे-तिकडे झाले तरी चालेल, त्या काळात सूर्य दक्षिणोत्तर जवळजवळ हलत नाही. एकीच्या उत्तरेला दुसरी अशा दोन शाळांनी जोडी करायची. उदाहरणार्थ, नाशिक आणि कोल्हापूर. मध्यान्हाला मीटरभर काठीची सावली नाशिकला साधारण साडेचौऱ्याण्णव सेंटिमीटर पडेल, कोल्हापूरला चौऱ्याऐंशी. हे आकडे मुलांना आधी सांगू नका. सांगितलेत तर त्यांची मोजपट्टी तेच दाखवेल!

कागदावर काठी दहा सेंटिमीटरची काढून त्या मापात सावली काढा आणि काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजा. त्रिकोणमिती लागत नाही. दोन गावांच्या कोनांतला फरक सव्वातीन अंशांच्या किंचित वर यायला हवा. नकाशावरून दक्षिणोत्तर अंतर काढा, ते सुमारे ३६५ किलोमीटर आहे. एवढ्या अंशांना एवढे किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? झाला पृथ्वीचा परीघ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने हेच केलं. दक्षिण इजिप्तमधल्या सायीनीला, म्हणजे आजच्या आस्वानला, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्हाला सावली पडत नव्हती. अलेक्झांड्रियात त्याच वेळी पडणाऱ्या सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा हिस्सा भरला. अंतर पाच हजार स्टेडिया, म्हणून परीघ अडीच लाख.

तुमचं उत्तर चाळीस हजार किलोमीटर येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. कोनाच्या फरकात अर्ध्या अंशाची चूक झाली तर ते चौतीस हजारांपासून सत्तेचाळीस हजारांपर्यंत कुठेही येईल. सावली एक सेंटिमीटर चुकली की कोन सुमारे पाव ते एक तृतीयांश अंश चुकतो, आणि ती चुकतेच, कारण सावलीची कड कधी रेघेसारखी नसते. सूर्य ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे. म्हणून मीटरभर काठीच्या सावलीचं टोक डिसेंबरात दीड-दोन सेंटिमीटर धूसर होतं. नेमकं कुठे खूण करायची यावर वर्गात दोन पक्ष पडतील. यावर उपाय आहे. काठीच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा, त्यात छोटं भोक पाडा. भोकाची उंची मीटरभर ठेवा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या लंबगोल कवडशाचा मध्य धरा. तो कवडसा म्हणजे सूर्याचीच प्रतिमा आहे. आंब्याखाली पडतात तसलीच.

वर्गातल्या आठ गटांची आठ उत्तरं फळ्यावर लिहा, आणि त्यांतलं एकही खोडू नका. कोणत्या गटाची काठी तिरकी होती, कुणी धूसर टोकाची आतली कड धरली, कुणी बाहेरची, हे मुलांनाच शोधू द्या. माझ्या अनुभवात या शोधाला मोजणीपेक्षा जास्त वेळ लागतो.

उत्तरं कळवताना फक्त परीघ कळवू नका. सावलीची लांबी, घड्याळातली वेळ, गावाचं नाव आणि धूसर टोकाचं तुम्ही काय केलंत तेही लिहा. आलेल्या जोड्या घेऊन जानेवारीत बसू. पुढच्या आठवड्यात मात्र त्या आंब्याखालच्या कवडशांकडे वळू. पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या असताना जमिनीवरचे कवडसे गोल का, एवढं तोवर मुलांना विचारून ठेवा.