*विजेवरची गाडी: घसाऱ्याचा फायदा कोणाला?*


चाकण, मोशी, तळेगाव भागात शेतीसोबत वर्कशॉप, वाहतूक किंवा कॅन्टीनला मालपुरवठा करणाऱ्यांसाठी ही माहिती.

✅ धंद्यासाठी घेतलेल्या इलेक्ट्रिक कारवर घसारा ४० टक्के, पेट्रोल-डिझेल कारवर १५ टक्के. १२ लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी ४,८०,००० विरुद्ध १,८०,००० रुपये. ही रक्कम नफ्यातून वजा होते, तेवढा कर वाचतो असं नाही.

⚠️ *आधी हे बघा:*
१. फक्त शेतीचं उत्पन्न असेल तर त्यावर प्राप्तिकरच नाही, मग घसाऱ्याचाही उपयोग नाही.
२. वह्या न ठेवता ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून रिटर्न भरत असाल, तर घसारा वेगळा मिळत नाही.
३. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर घसारा निम्माच.
४. घरच्या वापराचा हिस्सा धरता येत नाही.
५. व्याजावरची दीड लाखाची खास सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे.

👉 पैसे बँकेतूनच द्या. एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर ती रक्कम घसाऱ्यासाठी धरत नाहीत.

बुकिंगची घाई नको. मागच्या वर्षीचा रिटर्न घेऊन आधी आपल्या सीएंना भेटा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी