एका ओळीचा निरोप आणि त्याची पोच

आधी ‘क्यूपेज’, मग ज्याला कळवायचं त्याचं नाव, आणि शेवटी निरोप. युनिक्सच्या पडद्यावर एवढी एक ओळ टाइप करून एंटर दाबलं, की थोड्याच वेळात शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी कमरेच्या पट्ट्यावरची डबी थरथरायची आणि तिच्या चिंचोळ्या पडद्यावर ती ओळ उमटायची: ‘मेल सर्व्हरची डिस्क भरली’. १९९०च्या दशकात संगणक सांभाळणाऱ्या माणसांची रात्रीची झोप आणि जाग या एका ओळीवर ठरत असे.

ही ओळ माणसानेच टाइप करायला हवी असं नव्हतं, आणि तिचं खरं महत्त्व त्यातच आहे. कमांड लाइनवर माणूस जे लिहू शकतो ते स्क्रिप्टही लिहू शकते. दर पाच मिनिटांनी डिस्कवरची मोकळी जागा मोजायची आणि ती ठरलेल्या मर्यादेखाली गेली की पेजरची आज्ञा चालवायची, एवढं ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनला सांगून ठेवलं की यंत्र आपणहून हाक मारू लागे. पहाऱ्यासाठी रात्रभर पडद्यासमोर माणूस बसवून ठेवण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

या ओळीच्या प्रवासात बरेच टप्पे होते. काही टप्पे निरोप मिळाल्याचं उलट कळवत, काही कळवत नसत. निरोप ‘गेला’ म्हणजे नेमका कुठपर्यंत गेला, या प्रश्नाकडे ही व्यवस्था उभी करणाऱ्यांनी ज्या काटेकोरपणे पाहिलं, तो काटेकोरपणा आज शिकण्यासारखा आहे.

बीपपासून अक्षरांपर्यंत

पेजरचा जन्म इस्पितळासाठी झाला. अमेरिकन संशोधक अल ग्रॉस यांनी १९४९ साली पेजरचं पेटंट घेतलं आणि त्याचा पहिला वापर न्यूयॉर्कच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना बोलावण्यासाठी झाला. मोटोरोलाचा ‘पेजबॉय’ १९६४ साली आला. सुरुवातीचे पेजर नुसता आवाज करत. तो ऐकला की जवळचा फोन गाठायचा आणि काय काम आहे ते विचारायचं. पुढे आकडे दाखवणारे पेजर आले. त्यांना निरोप देण्यासाठी कुठल्याही बटणाच्या फोनवरून आपला नंबर दाबला की काम होई.

अक्षरं दाखवणारा पेजर आला तेव्हा अडचण उभी राहिली, कारण फोनच्या बारा बटणांवर वाक्य लिहिणं अवघड. म्हणून मध्ये ऑपरेटर आला. आपल्याकडे खासगी पेजिंग सेवा १९९५ साली सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यातल्या डॉक्टरांना, शेअर दलालांना आणि फिरतीवरच्या विक्रेत्यांना निरोप असेच मिळत. पेजिंग कंपनीच्या केंद्रावर फोन लावायचा, पेजर क्रमांक सांगायचा, मजकूर तोंडी सांगायचा. ऑपरेटर तो टाइप करून पाठवी. मोबाइलवर तेव्हा येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत, त्यामुळे पेजर परवडे. १९९८च्या सुमारास देशातल्या पेजरधारकांची संख्या वीस लाखांच्या आसपास गेली होती.

सर्व्हरला मात्र रात्री अडीच वाजता ऑपरेटरला फोन करून मजकूर सांगता येत नव्हता. यंत्राने यंत्राशी बोलायची भाषा हवी होती.

मोडेमवरचा संवाद

ती भाषा म्हणजे ‘टॅप’, अर्थात टेलोकेटर अल्फान्यूमेरिक प्रोटोकॉल. मुळात मोटोरोलाने आपल्या निरोप टाइप करण्याच्या यंत्रांसाठी ती बनवली होती. टेलोकेटर ही अमेरिकेतल्या पेजिंग उद्योगाची संघटना. तिने १९८८ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली.

टॅपचा संवाद साधा आहे. संगणक मोडेमने पेजिंग कंपनीच्या टर्मिनलचा नंबर फिरवतो. वेग बहुधा ३०० किंवा १२०० बॉड. जोडणी झाली की संगणक रिटर्नचं चिन्ह पाठवतो आणि पलीकडून ‘आयडी’ अशी विचारणा येते. त्यावर संगणक ‘पीजी१’ ही खूण पाठवतो. समोर टाइप करणारा माणूस नसून प्रोग्रॅम आहे, हे टर्मिनलला त्यावरून समजतं. परवानगी मिळाली की एका चौकटीत पेजर क्रमांक आणि मजकूर जातो. चौकटीच्या शेवटी तीन चिन्हांची पडताळणी असते. आधीच्या सगळ्या अक्षरांच्या संकेतांकांची बेरीज करून तिचे शेवटचे १२ बिट या तीन चिन्हांत मांडलेले असतात.

टर्मिनल तीच बेरीज स्वतः करून पाहतं. जुळली तर ‘मिळालं’. नाही जुळली तर ‘पुन्हा पाठव’. बेरीज जुळूनही पेजर क्रमांक चुकीचा निघाला तर ‘हा निरोप सोडून पुढचा दे’. फोनच्या तारेवरच्या खरखरीत एखादं अक्षर बिघडलं तरी ते सहसा नजरेतून सुटत नसे. सर्व्हरचं नाव एका अंकाने चुकलं तर माणूस भलत्याच यंत्राकडे धावेल, म्हणून या पडताळणीला महत्त्व होतं.

मोडेमच्या मार्गाचा आणखी एक फायदा जाणकार प्रशासक ओळखून होते. कार्यालयाची इंटरनेट जोडणी तुटली किंवा मेल सर्व्हरच बंद पडला, तर ती बातमी ई-मेलने पाठवणं व्यर्थ. फोनची तार वेगळी. नेटवर्क पूर्ण झोपलं तरी मोडेम नंबर फिरवू शकत असे. बिघाडाची खबर बिघडलेल्या रस्त्याने जाऊ नये, ही या व्यवसायातली जुनी आणि पक्की शिकवण आहे.

पोर्ट ४४४

प्रत्येक संगणकाला मोडेम आणि फोनची तार देणं मात्र खर्चाचं होतं. अमेरिकेतल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातल्या अ‍ॅलन ग्विन यांनी जानेवारी १९९४मध्ये आरएफसी १५६८ या दस्तऐवजात सिंपल नेटवर्क पेजिंग प्रोटोकॉल, म्हणजे ‘एसएनपीपी’ मांडला. त्याच वर्षी जुलैत त्याची सुधारित आवृत्ती आली आणि ऑक्टोबर १९९५मध्ये आरएफसी १८६१.

ई-मेलने पेजरला निरोप पाठवणं तेव्हाही शक्य होतं. पण ई-मेल वाटेतल्या सर्व्हरांवर थांबत थांबत जातो. तो कुठे रखडला हे पाठवणाऱ्याला लगेच कळत नाही. एसएनपीपीने सरळ जोडणी घेतली. टेलनेटने पोर्ट ४४४ उघडलं की २२० हा आकडा येतो, म्हणजे सर्व्हर तयार आहे. ‘पेज’ आणि पेजर क्रमांक लिहिला की २५०, म्हणजे क्रमांक मान्य. ‘मेस’ आणि मजकूर, पुन्हा २५०. ‘सेंड’, पुन्हा २५०. ‘क्विट’ म्हटलं की २२१ आणि निरोप समारंभ संपला. क्रमांक चुकला तर तिथल्या तिथे ५५०. आज्ञेची पहिली चार अक्षरंच पाहिली जात. असा प्रोटोकॉल माणसाला हाताने तपासता येतो, आणि बिघाडाच्या वेळी ही सोय फार मोलाची ठरते.

एवढी एसएनपीपीची पहिली पातळी. दुसऱ्या पातळीवर निरोप ठरावीक वेळेपर्यंत राखून ठेवणं, कोणत्या भागात प्रक्षेपित करायचा ते सांगणं, अशा सोयी होत्या. तिसरी पातळी दुतर्फी पेजरसाठी होती. तिच्यात निरोपासोबत उत्तराचे पर्याय पाठवता येत आणि माणसाने निरोप वाचला का, याचीही विचारणा करता येई.

टॅप आणि एसएनपीपी या दोन भाषांवर चांगली साधनं उभी राहिली. टॉमस ड्वायर यांचं क्विकपेज, म्हणजेच ‘क्यूपेज’, एका बाजूने एसएनपीपीचे निरोप घेई, ते रांगेत लावी आणि दुसऱ्या बाजूने मोडेमवरून टॅपने पुढे देई. त्यामुळे एका मोडेमवर अख्ख्या संस्थेचं काम भागे. त्याच्या गटांमध्ये पाळीचे वारही लिहिता येत: सोमवार ते शुक्रवार दिवसा एकाला, रात्री दुसऱ्याला. सॅम लेफलर यांच्या हायलाफॅक्स या फॅक्सच्या प्रणालीत ‘सेंडपेज’ नावाची आज्ञा होती, कारण फॅक्ससाठी मोडेम तिथे आधीच होता. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ साली आणलेली आणि पुढे नागिऑस नावाने प्रसिद्ध झालेली देखरेख प्रणाली आजही संपर्कव्यक्तीच्या नोंदीत ई-मेलसोबत पेजरचा रकाना ठेवते.

हवेतला टप्पा

सर्व्हरने २५० म्हटल्यावर निरोप टॉवरकडे जातो आणि तिथून पुढचा प्रवास रेडिओचा. त्याची सर्वांत रुळलेली लिपी म्हणजे ‘पॉकसॅग’. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या पुढाकाराने नेमलेल्या गटाने ती तयार केली. तिचे वेग सेकंदाला ५१२, १२०० आणि २४०० बिट. मोटोरोलाचा १९९३चा ‘फ्लेक्स’ ६४०० बिटांपर्यंत गेला.

पॉकसॅगमध्ये प्रक्षेपण सुरू होताना आधी एक-शून्य, एक-शून्य असे किमान ५७६ बिट जातात. झोपलेले पेजर त्याने जागे होतात. मग ३२ बिटांची ठरलेली खूण, आणि पुढे ३२ बिटांचे १६ शब्द. या १६ शब्दांच्या आठ जोड्या असतात. प्रत्येक पेजरची जोडी त्याच्या पत्त्यावरून ठरलेली असते, त्यामुळे तो तेवढ्याच क्षणी कान उघडतो आणि बाकी वेळ बॅटरी वाचवतो. एका छोट्या सेलवर पेजर आठवडेच्या आठवडे चालतो तो यामुळे, आणि स्वतः काहीच प्रक्षेपित करत नसल्यामुळे.

प्रत्येक शब्दात २० बिट मजकुराचे आणि १० बिट चूक ओळखून दुरुस्त करण्याचे असतात. अक्षराला ७ बिट लागतात. म्हणजे ४० अक्षरांच्या निरोपाला २८० बिट, १४ शब्द. १२०० बिटांच्या वेगाने अख्खं प्रक्षेपण दीड सेकंदाच्या आत संपतं. तोच निरोप अनेक टॉवर एकाच वेळी, भरपूर ताकदीने सोडतात, म्हणून तो इस्पितळाच्या तळघरातही पोहोचतो.

पण साधा पेजर ऐकतो, बोलत नाही. सेल संपला असेल, पेजर घरी राहिला असेल, माणूस परगावी असेल, तरी सर्व्हरचं उत्तर २५०च राहतं. पोस्टाच्या खिडकीवर रजिस्टरची पावती मिळते ती पोस्टाने पत्र घेतल्याची. ज्याला पत्र लिहिलं त्याच्या सहीची पोच वेगळी. २५० ही खिडकीवरची पावती होती.

१९ मे १९९८ रोजी गॅलेक्सी ४ हा उपग्रह भरकटला तेव्हा हा फरक अमेरिकेला कळला. पेजिंग कंपन्या टॉवरपर्यंत निरोप नेण्यासाठी त्याच्यावर विसंबून होत्या. देशातले सुमारे ८० ते ९० टक्के पेजर गप्प झाले. इस्पितळांना डॉक्टर शोधण्यासाठी फोनच्या याद्या काढाव्या लागल्या. निरोप स्वीकारणारी टर्मिनलं जमिनीवर शाबूत होती. तुटला होता तो त्यांच्या पुढचा रस्ता.

दुसरी उणीव गुप्ततेची. पॉकसॅगचा मजकूर कूटबद्ध नसतो. योग्य रेडिओ आणि संगणक असलेला कुणीही तो वाचू शकतो. ११ सप्टेंबर २००१ या दिवसाचे पाच लाखांहून अधिक पेजर निरोप २००९ साली विकिलीक्सने प्रसिद्ध केले. त्यांत घरच्यांच्या काळजीच्या ओळी होत्या आणि त्यांच्या शेजारी सर्व्हरांनी आपोआप पाठवलेल्या इशाऱ्यांचे ढीग होते. रुग्णाचं नाव किंवा यंत्राचा पत्ता अशा ओळीत लिहू नये, ही खबरदारी आधीपासूनच घ्यायला हवी होती.

आज

मोबाइल स्वस्त झाला आणि भारतातले पेजर काही वर्षांत संपले. जपानमधल्या शेवटच्या पेजिंग कंपनीने ३० सप्टेंबर २०१९ रोजी सेवा थांबवली. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत त्या वर्षी सुमारे १,३०,००० पेजर होते आणि ते २०२१अखेर हटवण्याचा आदेश निघाला. सप्टेंबर २०२४मध्ये लेबनॉनमध्ये पेजरचे स्फोट झाले तेव्हा हा शब्द नव्या पिढीच्या कानी पडला. तिथे उपकरणांत आधीच स्फोटकं पेरली होती, रेडिओच्या पद्धतीचा तो दोष नव्हता.

कमांड लाइनवरून पेजर वाजवणं मात्र अजून जिवंत आहे. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातल्या हौशी रेडिओ गटाने ‘डॅपनेट’ हे जाळं उभारलं. परवानाधारक हौशी रेडिओचालक ‘कर्ल’च्या एका आज्ञेने मजकूर, कॉलसाइन आणि टॉवरांचा गट पाठवतो, आणि ४३९.९८७५ मेगाहर्ट्झवर पॉकसॅगमधून निरोप निघतो. जुने पेजर तिथे पुन्हा कामाला लागले आहेत.

व्यवसायात या परंपरेचा वारसा पाळीवरच्या माणसाला फोनवर उठवणाऱ्या सेवांनी घेतला. २००९ साली स्थापन झालेल्या पेजरड्यूटीने तर नावच पेजरचं ठेवलं. माणसाने ‘मी पाहतो’ असं कळवेपर्यंत इशारा बंद न करणं आणि ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही तर दुसऱ्याला उठवणं, हे या सेवांचं मुख्य काम. २५०च्या पुढची जी पोच साधा पेजर देऊ शकला नाही, ती इथे माणसाकडून मागून घेतली जाते.

म्हणून इस्पितळात, बँकेत, धरणावर, वीजकेंद्रात किंवा लहानशा कार्यालयात इशाऱ्याची व्यवस्था ज्यांच्या हाती आहे, त्यांना एक विनंती. आपला इशारा ज्या रस्त्याने जातो तो रस्ता, ज्याच्यावर तो पहारा देतो त्या यंत्रणेपासून वेगळा आहे का, ते पाहा. ‘पाठवलं’ हा शिक्का कुणी दिला, ते विचारा. उत्तर आलं नाही तर पुढे कुणाला उठवायचं, ते लिहून ठेवा. आणि दर महिन्याला एकदा खरा निरोप पाठवून तो मिळाल्याचं माणसाच्या तोंडून ऐका.