जुन्या एसयूव्हीचा गिअर आणि वायरिंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या एसयूव्हीवर होणारा मोठा खर्च पुष्कळदा चांगला भाग काढून टाकण्यात जातो. १९९४ ची टाटा सुमो, १९९८ ची सफारी, २००० ची बोलेरो, २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेली स्कॉर्पिओ, या गाड्यांची रचना सरळ आहे. पुढे डिझेल इंजिन, त्याला लागून क्लच आणि गिअरबॉक्स, तिथून प्रोपेलर शाफ्टने मागच्या एक्सलला ताकद. पंधरा-वीस वर्षांनी यातले पोलादी गिअर सहसा शाबूत असतात. झिजतात, गंजतात ते सांधे: वायरींची टोके, अर्थिंगचा पट्टा, क्लच सिलिंडरची वायसर, शाफ्टचे क्रॉस. लक्षण मात्र मोठ्या भागात दिसते, आणि दोष तिथेच आहे असे धरले जाते.

सकाळी सेल्फ मंद फिरला की बॅटरी संपली, हा त्यातला सर्वांत रूढ समज. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपासचा आकडा पूर्ण चार्ज दाखवतो, १२.२ म्हणजे साधारण अर्धा आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. सेल्फ मारताना चांगल्या बॅटरीचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही. बॅटरीवर साडेदहा-अकरा व्होल्ट टिकून आहेत आणि तरीही सेल्फ रडत फिरतो आहे, अशा वेळी बॅटरीला दोष देता येत नाही. बहुधा एकतर करंट सेल्फपर्यंत पूर्ण पोचत नाही, किंवा तो परत येण्याची वाट अडली आहे.

ही परतीची वाट म्हणजे अर्थिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसवलेले असल्यामुळे चॅसीशी त्यांचा विजेचा संबंध जुळतो तो एका विणलेल्या तांब्याच्या पट्ट्याने किंवा जाड काळ्या केबलने. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवला की काही गाड्यांत हा पट्टा सोडावा लागतो. चढवताना तो राहून गेला, किंवा रंग आणि गंज न खरवडता तसाच बोल्टखाली दाबला, तर दुसऱ्या दिवसापासून सेल्फ कुरकुरतो. गिअरबॉक्सच्या कामानंतर उपटलेला विजेचा दोष आधी इथे शोधावा. पट्टा अजिबातच नसेल तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट क्लच केबल किंवा अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून मार्ग काढतो. या केबली त्यासाठी नसतात. त्या तापतात, आतले प्लास्टिक वितळते आणि पेडल जड होते. मग क्लच जड झाला म्हणून नवी केबल पडते आणि तीही काही दिवसांत तशीच होते.

‘मीटर लावला, बीप वाजला, वायर चांगली आहे’ हे निदान येथे फसवे ठरते. एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. ०.०१ ओहमचा अडथळा साध्या मीटरला दिसतही नाही, पण २०० अँपिअर वाहू लागले की तोच अडथळा २ व्होल्ट खातो. म्हणून तपास करंट वाहत असतानाच करावा लागतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवायचा, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर धरायचा आणि दुसऱ्याने दोन-तीन सेकंद सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टपर्यंतचा आकडा ठीक. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर अर्थिंगमध्ये दोष नक्की. असेच पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यामध्ये मोजले की केबलचाही निकाल लागतो. पाच मिनिटांच्या या मोजणीने एखादी बॅटरी किंवा सेल्फ मोटर वाचू शकते.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला समजायचा, ही रीत अजून चालते. तिचा पाया चुकीचा आहे. यांत्रिक पंपाच्या आणि स्टॉप केबल ओढून बंद होणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनाला चालत राहायला वीज लागतच नाही. अल्टरनेटर मेलेला असला तरी ते चालू राहील. कॉमन रेल इंजिनाच्या गाडीत तर हा प्रयोग महाग पडतो. बॅटरीचा आधार अचानक सुटला की अल्टरनेटरचा दाब क्षणभर उसळतो आणि त्यात डायोड किंवा ईसीयू जळू शकतो. खरी तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजावे. १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले आणि हेडलाइट, ब्लोअर लावल्यावरही आकडा फार घसरला नाही, तर चार्जिंग बरोबर आहे.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा विझलेला आहे म्हणजे चार्जिंग चालू आहे, असेही नाही. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागे करणारा सुरुवातीचा करंट याच दिव्यातून जातो. बल्ब उडाला तर दिवाही लागत नाही आणि चार्जिंगही सुरू होत नाही. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे.

वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार बसवण्याबाबत मात्र दुमत होण्याचे कारण नाही: ते आगीला निमंत्रण आहे. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. १० अँपिअरच्या जागी ३० चा टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. उंदरांनी कुरतडलेली किंवा चॅसीला घासून उघडी पडलेली वायर शोधणे हाच त्यावरचा उपाय आहे.

स्कॅनर लावला की बिघडलेला भाग समजतो, या अपेक्षेलाही मर्यादा आहेत. गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची यंत्रणा ज्याबरोबर आली, ते प्रदूषणाचे बीएस-४ मानक १ एप्रिल २०१० पासून दिल्ली परिसर आणि १३ शहरांत, तर १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. त्याआधीच्या अनेक गाड्यांत सर्वसाधारण स्कॅनरला वाचता येईल असे काही नसते. कोड मिळाला तरी तो सर्किट सांगतो, भाग नव्हे. ऑटोमॅटिक गाडीतला पी०७०० एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या नियंत्रकात आणखी कोड नोंदलेला आहे, तो वाचा. पी०५६२ म्हणजे दाब कमी. हे दोन एकत्र आले तर आधी बॅटरी आणि अर्थिंग पाहावे. दाब कमी पडला की नियंत्रक संरक्षणासाठी गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो, आणि मालकाला वाटते गिअरबॉक्स गेला.

मॅन्युअल गाडीत ‘गिअर पडत नाही’ ही तक्रार बहुधा क्लचची असते. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर ते लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर सहज पडला तर दोष मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरच्या वायसरमध्ये, नाहीतर लाइनमध्ये शिरलेल्या हवेत आहे. बंद इंजिनावरही गिअर अडत असेल, तर दांडी आणि तिची केबल किंवा बुश पाहून मगच आत शिरावे. चालत्या गाडीत ठराविक एकच गिअर करकरत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असते. याउलट क्लच घसरत असेल तर चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही.

आवाजाचेही तसेच आहे. प्रत्येक घरघर गिअरबॉक्सची नसते. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबला तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, आणि क्लच दाबल्यावरच सुरू झाला तर रिलीज बेअरिंगवर. गाडी उचलताना खालून ‘टक्’ असा आवाज येत असेल तर प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवून क्रॉसमधली ढिलाई बघावी. रेस देताना एक सूर आणि रेस सोडताना दुसरा, असा मागून येणारा आवाज डिफरन्शियलचा असतो. यांपैकी कोणताही आवाज जाड ऑइल ओतून बरा होत नाही. जाड ऑइलाने थंडीत गिअर आणखी जड पडतात. शिवाय जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये एक्सलसाठीचे जीएल-५ ओतले, तर त्यातली गंधकयुक्त रसायने पितळी सिंक्रो रिंग खाऊ शकतात.

फोर बाय फोर जुन्या गाड्यांत बहुतेकदा पार्ट-टाइम स्वरूपाचे असते. पुढचे आणि मागचे शाफ्ट त्यात एकमेकांना घट्ट जोडले जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढच्या-मागच्या चाकांचे अंतर वेगळे पडते, ताण साठतो, स्टिअरिंग जड होते आणि ट्रान्सफर केसची दांडी फोर-हायमधून निघत नाही. हा बिघाड नाही. थोडे सरळ मागे घेतले की ताण सुटतो. फोर-हाय चिखल, वाळू, ओल्या गवतासाठी आहे.

राहिला एक्सलच्या सीलमधून गळणाऱ्या ऑइलचा प्रश्न. सील बदलूनही पुन्हा गळते तेव्हा सील निकृष्ट असल्याचे सांगितले जाते, पण हाउसिंगवरचा छोटा ब्रीदर चिखलाने बुजलेला असतो. आतली हवा तापून फुगते आणि ऑइलाला सीलमधून बाहेर ढकलते. पावसाळ्यात ओढा ओलांडताना याच्या उलट घडते. तापलेले हाउसिंग पाण्यात एकदम गार होते, आत ओढ बसते आणि पाणी शिरते. अशा प्रवासानंतर वरचा फिलर प्लग उघडून बोट बुडवावे. ऑइल दुधाळ दिसले तर ते त्याच आठवड्यात बदलावे आणि ब्रीदर साफ करावा. तसेच चालवले तर क्राऊन-पिनियनची बेअरिंगे गंजतात.