औषधविक्रेत्याचे द्रव्यज्ञान : ई-सिगारेट व तंबाखूमुक्तीच्या संदर्भात

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या गुणांत चरकाचार्यांनी उपचारज्ञतेला पहिले स्थान दिले. औषधविक्रेत्याचा पाद त्यांत वेगळा सांगितलेला नाही. आज मात्र वैद्याचे लिखित पत्र आणि रुग्ण यांच्यामध्ये औषधालयातील सहायक उभा असतो. पुष्कळदा तर रुग्ण वैद्याकडे न जाता थेट त्याच्यापाशीच येतो. अशा वेळी उपचारज्ञतेची अपेक्षा त्याच्याकडूनही करणे क्रमप्राप्त ठरते. प्रस्तुत लेखात तंबाखू सोडू इच्छिणाऱ्या ग्राहकाच्या निमित्ताने या विषयाचा विचार करावयाचा आहे.

दोन ग्राहक, दोन उत्तरे

भिवंडीतील आमच्या औषधालयात आयुर्वेदीय व आधुनिक अशी दोन्ही औषधे ठेवली जातात. तेथे यंत्रमागावर काम करणारा एक मध्यमवयीन कामगार आला. तोंड पूर्वीसारखे उघडत नाही, तेव्हा तंबाखू सुटेल असे काही द्या, असे त्याने सांगितले. आमच्या सहायकाने निकोटीनच्या चघळण्याच्या गोळ्यांची पट्टी दिली आणि पैसे घेतले. याहून अधिक संभाषण झाले नाही. त्या गृहस्थाने त्या गोळ्या मुलांच्या च्युइंगगमप्रमाणे भराभर चावल्या, त्याही चहाबरोबर. उचक्या लागल्या, मळमळ झाली. तिसऱ्या दिवशी पट्टी फेकून देऊन त्याने पुन्हा चुना-तंबाखू मळण्यास सुरुवात केली. ही हकिगत आम्हांस कळली ती दोन महिन्यांनी, तो दुसऱ्याच तक्रारीसाठी आला तेव्हा. त्याचे तोंड तोपर्यंत अधिकच आखडले होते.

त्याच सुमारास एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ‘निकोटीन नसलेली हर्बल व्हेप’ मिळेल का, असे विचारले. सहायक उत्तरला, “आज नाही, मागवून देतो.”

पहिल्या उत्तराने सोडू पाहणारा माणूस व्यसनाकडे परतला. दुसऱ्या उत्तराने आम्ही नकळत गुन्ह्याचे आश्वासन दिले. दोष त्या मुलाचा नव्हता. त्याला आम्ही बिल करणे, मुदतबाह्य माल वेगळा काढणे, घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवणे हे सर्व शिकवले होते. हे मात्र शिकवले नव्हते.

कायद्याची स्थिती

ई-सिगारेटचे आजचे रूप होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास सिद्ध केले. विद्युत्घट, तापणारी तार आणि द्रव हे त्याचे तीन मुख्य भाग. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुवास आणि बहुधा निकोटीन असते. तार तापली की द्रवाचे सूक्ष्म तुषार होतात व ते श्वासाबरोबर आत ओढले जातात. ब्रिटनमध्ये १८ वर्षांवरील व्यक्तीस याची विक्री करता येते आणि द्रवातील निकोटीनवर दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्यामुळे तेथे दुकानातील सेवकाला द्रवाची तीव्रता व उपकरणाचे प्रकार ठाऊक असावे लागतात.

आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्यान्वये ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांस बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा गुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड. केवळ साठवणुकीसही सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या जागेत असा साठा जाणूनबुजून करू देणारा मालकही या कायद्याच्या कक्षेत येतो. भिवंडीत औषधालयाबरोबर गोदामाचा गाळा भाड्याने देणारे व्यावसायिक बंधू अनेक आहेत. त्यांनी ही तरतूद विशेष लक्षात ठेवावी.

व्याख्येतील एक शब्दप्रयोग सहायकांस पाठ असावा : निकोटीन असो वा नसो. पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्याचे तुषार निर्माण करणारे उपकरण या व्याख्येत येते, मग त्यास हर्बल म्हणा, आयुर्वेदिक म्हणा वा ई-हुक्का म्हणा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेले उत्पादन तेवढे यातून वगळले आहे.

‘वनस्पतिजन्य आहे’ हे उत्तर नव्हे

आपल्या शास्त्राचा आधार सांगून अशी उपकरणे व हर्बल सिगारेटी खपवल्या जातात, म्हणून धूमपानाविषयी स्पष्टता हवी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात प्रायोगिक, स्नैहिक आणि वैरेचनिक असे धूमाचे प्रकार वर्णिले आहेत. त्यांत द्रव्ये ठरलेली आहेत, धूमनेत्राचे माप ठरलेले आहे, काल ठरलेले आहेत आणि निषिद्ध अवस्थांची सूचीही दिली आहे. धूर मुखावाटेच सोडावा, नाकावाटे नव्हे, इतका बारकावा त्यात आहे. तंबाखूचा त्यात उल्लेख असणे शक्यच नव्हते. ती वनस्पती पोर्तुगीजांमार्फत पुष्कळ नंतर या देशी आली. जो उपचार वैद्याच्या देखरेखीखाली, प्रसंगविशेषी करावयाचा, तो दिवसभर खिशात बाळगण्याच्या नळीशी जोडणे हा शास्त्राचा विपर्यास होय. शिवाय कोणतेही पान जळले की डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतातच. तुळस असल्याने ते टळत नाहीत.

खाण्यास निर्धोक ते श्वासासही निर्धोक, ही समजूतही घातक आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या गंभीर इजेची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णालयीन रुग्ण व मृत्यू आणि त्यांत ६८ निश्चित मृत्यू नोंदवले गेले. बहुतेकांनी गांज्यातील घटक असलेले द्रव वापरले होते आणि तपासात प्रमुख संशय ठरला तो त्यात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या तेलकट संयुगावर. जे जीवनसत्त्व आपण कॅप्सूलमधून नित्य विकतो, तेच तापवून फुप्फुसात गेल्यावर विषवत ठरले. द्रव्याइतकाच त्याचा मार्गही महत्त्वाचा, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगणे नको.

आपल्या ग्राहकाचे व्यसन कोणते?

२०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करीत, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा दाढेखाली धरली जाते किंवा मशेरी म्हणून दातांस लावली जाते. मागाच्या खात्यात सुताचे तंतू उडत असताना विडी पेटवणे धोक्याचे. चुना-तंबाखूची चिमूट मात्र पाळी न सोडता तोंडात टाकता येते. अशा माणसास धुराचा ‘सुरक्षित’ पर्याय सुचवणे म्हणजे नसलेले व्यसन लावणे होय.

त्याला गोड सुपारी देणे हाही उपाय नव्हे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला असून तोंड आखडण्याचे ते प्रमुख कारण आहे. लवंग, वेलची, बडीशेप पुरेशी. दंतमंजनाबाबतही सावध असावे. तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्ट यांवर १९९२ पासून बंदी आहे.

चघळगोळी कशी द्यावी

तंबाखूबरोबर चुना का मळतात, हे कामगारास ठाऊक नसले तरी अनुभवाने कळलेले असते : त्याने तार लवकर चढते. चुन्याच्या क्षारतेने निकोटीन गालाच्या अस्तरातून वेगाने शोषले जाते. चघळगोळीची क्रियाही याच तत्त्वावर चालते. म्हणून चहा, कॉफी व आंबट पेये गोळीच्या १५ मिनिटे आधी व गोळी तोंडात असताना वर्ज्य. आम्लतेने शोषण घटते. गोळी सावकाश चावावी, तिखट चव वा चुणचुण जाणवताच गाल व हिरडी यांमध्ये ठेवावी, चव ओसरल्यावर पुन्हा चावावी. एक गोळी सुमारे अर्धा तास पुरते. भराभर चावल्यास निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते. मग उचकी, मळमळ ठरलेली. ४ मिलिग्रॅमच्या गोळीस चिकित्सकाचे पत्र आवश्यक. गर्भवती स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले रुग्ण आणि अल्पवयीन यांस कोणतीही मात्रा परस्पर देऊ नये.

एवढे सांगण्यास दोन मिनिटे लागतात. आमच्या त्या ग्राहकास ती दोन मिनिटे मिळाली नाहीत.

मालकाचे कर्तव्य

आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, विक्रीस लागत नाही. आधुनिक औषधांप्रमाणे नोंदणीकृत औषधनिर्माता काउंटरवर असण्याचे बंधन तेथे नाही. ही मोकळीक आपणांस सोयीची वाटते. परंतु तिच्यामुळेच सहायकाच्या ज्ञानाची संपूर्ण जबाबदारी मालकावर येते. आम्ही आमच्या सहायकांसाठी पाच गोष्टी एका पुठ्ठ्यावर लिहून काउंटरच्या आतील बाजूस लावल्या आहेत :

१. आधी विचारावे : काय घेता, दिवसातून किती वेळा, उठल्यावर किती वेळात?

२. ई-सिगारेट कोणत्याही नावाने मागितली तरी नाही म्हणावे. ‘मागवून देतो’ म्हणू नये.

३. गोळी दिल्यास वापरण्याची रीत सांगितल्याखेरीज पैसे घेऊ नयेत.

४. तोंड कमी उघडणे, पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारा व्रण यांपैकी काही असल्यास विक्री बाजूस ठेवून त्वरित तपासणीस पाठवावे.

५. ‘आठ दिवसांत व्यसन सुटेल’ असे कोणत्याही औषधाविषयी बोलू नये. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ लिहून द्यावा.

चौथे कलम लिहिताना आमच्यासमोर तोच कामगार होता. पहिल्या भेटीतच त्याने आपले लक्षण स्वमुखाने सांगितले होते. ऐकणाऱ्यास त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, इतकेच. दुसऱ्या खेपेस आम्ही त्यास मुखरोगतज्ज्ञाकडे पाठवले आणि गोळीची रीत समोर बसवून समजावली. गेलेले दोन महिने मात्र आम्ही त्यास परत देऊ शकलो नाही. वाचक व्यावसायिकांनी आपापल्या औषधालयात आजच सहायकास हे दोन प्रश्न विचारून पाहावेत, एवढीच विनंती.